लहान मुलांच्या दातांची कीड आणि रोगप्रतिकारशक्ती : सोलापुरातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाच्या दाताला कीड लागली की हल्ली पालकांचा पहिला प्रश्न इम्युनिटीचा असतो. प्रश्न रास्त आहे. तोंडात रोगप्रतिकारशक्ती खरोखर काम करते, आणि लहान वयात ती अपुरी पडते हेही खरं. पण तिचा हात कुठवर पोहोचतो हे नीट कळलं नाही, तर पैसे टॉनिकवर जातात आणि दात जायचा तो जातोच. इथल्या आया, आज्या आणि अंगणवाडीताई ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत हे प्रश्न घेतले आहेत.

दात किडला म्हणजे आमच्या लेकराची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. अंगाने ठणठणीत, क्वचितच आजारी पडणाऱ्या मुलांचेही दात किडतात. दातावर बसलेले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. लाळ ते आम्ल शमवते आणि क्षार परत भरते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा बिस्कीट तोंडात गेलं की लाळेचं काम अर्ध्यावर राहतं. दिवसभर हेच चाललं तर उत्तम प्रतिकारशक्ती असलेल्या मुलाचाही दात टिकत नाही.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या एका जरी दुधाच्या दाताला कीड लागली, तरी वैद्यकात तो लहानपणीचा दंतक्षय धरतात. तीन वर्षांच्या आत दाताच्या गुळगुळीत बाजूवर कीड दिसली तर तो गंभीर प्रकार मानतात.

मग तोंडातली प्रतिकारशक्ती नेमकं करते तरी काय?

पुष्कळ काही, आणि त्यातलं बहुतेक लाळेतून. लाळेतला लायसोझाइम काही जंतूंची भिंत फोडतो. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे जंतूंना ते मिळत नाही. पेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) जंतूंना मारक ठरणारी रसायनं तयार करतं. हिस्टॅटिन आणि डिफेन्सिन ही छोटी प्रथिनं बुरशी आणि जंतू दोघांनाही आवरतात. लाळेतली चिकट प्रथिनं जंतूंना गोळा करून त्यांच्या गुठळ्या करतात, आणि त्या गुठळ्या आपण गिळून टाकतो.

याशिवाय लाळेत प्रतिपिंडं (अँटिबॉडीज), म्हणजे ठरावीक जंतू ओळखून त्यांना अडवणारी प्रथिनं असतात. त्यातलं मुख्य म्हणजे आयजीए. ते सहसा जंतूंना मारत नाही. जंतू दाताला ज्या जागी चिकटतो ती जागाच ते झाकून टाकतं, आणि साखरेपासून चिकट पदार्थ बनवणाऱ्या जंतूंच्या विकरांनाही अडवू शकतं. हिरडी आणि दात यांच्या फटीतून रक्तातलं आयजीजी हे प्रतिपिंड आणि पांढऱ्या पेशी झिरपतात. पण त्यांचा पहारा हिरडीलगतच्या काठापुरताच असतो.

यात दोन अडचणी आहेत. तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. शरीर त्या सगळ्यांशी लढू शकत नाही, बहुतेकांना सांभाळूनच घेतं. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा दात किडवणारा मुख्य जंतू साखर मिळाली की स्वतःभोवती चिकट थर बांधतो. (इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी १९२४ साली तो किडलेल्या दातांतून वेगळा काढला.) एकदा थर बसला की लाळ आणि प्रतिपिंडं आत नीट पोहोचत नाहीत आणि आम्ल आतल्या आत दाताला लागून राहतं. तो थर ब्रशने घासूनच निघतो.

दात येतात न येतात तोच किडतात. इतक्या लहानपणी असं का होतं?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

बाळ पोटात असताना आईकडून वारेतून आयजीजी मिळतं. जन्मानंतर ते हळूहळू ओसरतं आणि सहा महिन्यांच्या सुमाराला फारच थोडं उरतं. पहिला दात साधारण त्याच सुमाराला येतो. जन्मतः बाळाच्या लाळेत स्वतःचं आयजीए जवळजवळ नसतं. काही आठवड्यांत ते दिसू लागतं, पण मोठ्या माणसाइतकं व्हायला पुढची काही वर्षं जातात. म्हणजे आईची शिदोरी संपत आलेली, स्वतःची अजून साठायची आहे, आणि नेमक्या त्या काळात तोंडात वीस नवे दात येतात.

नवा दातही कच्चा असतो. हिरडीतून वर आल्यावर लाळेतले क्षार शोषून त्याचं वरचं आवरण आणखी कडक होत जातं. दुधाच्या दातांचं आवरण कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं आणि आतली नस जवळ असते. म्हणून मोठ्यांच्या दातात ज्या किडीला बराच काळ लागतो, ती लहान मुलात काही महिन्यांत नसेपर्यंत जाते. आई सांगते, "परवापर्यंत दात पांढरा होता," ते खोटं नसतं.

ही उणीव औषधाने भरत नाही. तेवढी वर्षं साखर मागे ठेवणं आणि दात पुसणं आपल्या हातात आहे.

वरचे पुढचे दात पार किडले, पण खालचे चांगले आहेत. हे कसं?

जिभेखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं उघडतात. खालचे पुढचे दात त्या लाळेत सतत भिजलेले असतात आणि दूध पिताना जीभही त्यांना झाकते. वरच्या दातांना यातलं काही मिळत नाही. एकाच तोंडात, एकाच खाण्यावर वरचे दात किडतात आणि खालचे शाबूत राहतात. लाळ काय करते याचा याहून चांगला पुरावा नाही.

तुम्हीही आठवड्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या पायरीवर दात परत सुधारतो. खड्डा पडल्यावर सुधारत नाही.

हाताला खरचटलं तर आपोआप भरतं, मग दात का भरत नाही?

दाताच्या वरच्या आवरणात जिवंत पेशी नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. दात बाहेर येईपर्यंत ते आवरण बनवणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे तिथे पांढऱ्या पेशी जाऊ शकत नाहीत आणि नवा थरही तयार होत नाही. आतल्या थरापर्यंत कीड गेली की मात्र शरीर जागं होतं. नसेच्या कडेच्या पेशी जंतूंची चाहूल लागताच आतून नवा थर चढवून वाट बुजवायला लागतात. कीड सावकाश चालली असेल तर त्यांना वेळ मिळतो. वेगाने चालली असेल तर नसेला सूज येते, आणि दाताच्या बंद पोकळीत त्या सुजेला पसरायला जागा नसते. रात्री लेकरू कळवळून उठतं ते त्यामुळे.

अंगावरच्या दुधाने दात किडतात म्हणे. दूध तोडू का?

तोडू नका. आईच्या दुधात आयजीए, लॅक्टोफेरिन आणि लायसोझाइम असतं, म्हणजे बाळाच्या लाळेत जे कमी आहे तेच आई पुरवते. पहिल्या वर्षात अंगावर पिणारी मुलं दातांच्या बाबतीत फायद्यातच दिसतात. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ स्तनपान सांगते.

वर्षानंतर रात्रभर, पुन्हा पुन्हा, झोपेत पिण्याची सवय राहिली तर किडीचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलं आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि दूध दातांवर तसंच राहतं. उपाय म्हणजे रात्री झोपण्याआधी दात घासायचे, दिवसा साखरेचं खाणं कमी ठेवायचं आणि रात्रीचं पिणं हळूहळू कमी करत आणायचं. ज्या मुलाला दिवसभर चहा-बिस्कीट मिळतं आणि रात्री अंगावर दूध मिळतं, त्याचा दोष दुधावर टाकणं अन्यायाचं आहे.

आणि बाटली?

साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं यासारखं दातांचं दुसरं नुकसान नाही. रात्री बाटली द्यायचीच असेल तर तिच्यात फक्त पाणी असावं. वर्षाच्या आसपास वाटी किंवा फुलपात्राची सवय लावा.

आमच्या तोंडातली कीड बाळाला लागते का?

जंतू जातात. घास चावून भरवणं, तोच चमचा वापरणं, चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करणं या वाटांनी ते आईच्या किंवा आजीच्या तोंडातून बाळाकडे येतात. १९९३ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात म्यूटन्स जंतू १९ ते ३१ महिन्यांच्या काळात मुलांच्या तोंडात बस्तान बसवताना दिसले. नंतरच्या अभ्यासांत ते त्याआधीही सापडले.

पण म्हणून बाळाचा मुका घ्यायला घाबरू नका. जंतू कधी ना कधी येणारच. साखर वारंवार मिळाली तरच ते बाकीच्या जंतूंना हटवून वरचढ होतात. आईने स्वतःचे किडलेले दात भरून घ्यावेत, हा जास्त कामाचा सल्ला. गरोदरपणात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, दातांचे उपचार निर्धास्त करता येतात. "बाळंतपण झाल्यावर बघू" म्हणून थांबू नका.

इम्युनिटी वाढवायला च्यवनप्राश, गमीज, टॉनिक देतोय. चालेल ना?

दातांसाठी त्याचा उपयोग नाही, आणि तोटा होऊ शकतो. च्यवनप्राशात साखरेचं प्रमाण मोठं असतं आणि तो चिकट असतो. गमीज दाढांच्या खाचांत रुतून बसतात. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींतही साखर असते. द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर द्या, वर पाणी पाजा, आणि झोपताना दात घासल्यावर काही देऊ नका. दातांची कीड थांबवणारं इम्युनिटीचं कोणतंही औषध आज बाजारात नाही.

साखर बंद केली, आता गूळ आणि मध देतो.

जंतूंना फरक पडत नाही, दोन्हींतून आम्लच तयार होतं. मधाची दुसरीही भीती आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. चोखणीला मध लावून देणं तर अजिबातच नको.

मग लेकरांनी गोड खायचंच नाही का? संक्रांतीला गड्ड्यावर काय सांगायचं?

खाऊ द्या की. सिद्धेश्वराच्या यात्रेत जाऊन कोरडं परत आणायचं का पोराला? किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने दाताचं जास्त ठरतं. जेवणानंतर एकदाच तिळगूळ, रेवड्या खाल्ल्या तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. तीच पुडी खिशात ठेवून दिवसभर एकेक चघळली तर मिळत नाही. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, शेंगाचटणी-भाकरी, काकडी, साधं दही द्या. (अगदी लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात.) पाच-दहा रुपयांच्या पाकिटातले कुरकुरीत पदार्थ तिखट असले तरी दाढेत चिकटून राहतात आणि त्यांतल्या पिठाचीही साखर होते.

उन्हाळ्याचा काही संबंध आहे का?

आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, मुलांच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि लाळही कमी व दाट होते. नेमक्या त्याच दिवसांत गोळा, पेप्सीकांडी, उसाचा रस, थंड पेय यांचा मारा असतो. तहान लागली की आधी पाणी द्या. घरचं ताक उत्तम.

आम्ही घरी विड्या वळतो. पोरं जवळच असतात. त्याचा काही परिणाम होतो का?

घरात विडी-सिगारेटचा धूर असेल तर मुलांच्या दातांना कीड जास्त आढळते, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून घरात कुणी ओढत असेल तर ते बाहेर. वळताना हाताला तंबाखू लागते, तेव्हा मुलाला भरवण्याआधी किंवा त्याचे दात पुसण्याआधी साबणाने हात धुवा. मिश्री मुलाच्या हिरडीला कधीही लावू नका, दुखऱ्या दातात तंबाखू भरू नका. तात्पुरतं बधिर वाटतं, पण विष आत जातं आणि सवय लागते ती वेगळीच.

कामाच्या घाईत रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्कीटपुडा द्यावा लागतो, हे मला कळतं. हजार विड्या पुऱ्या करायच्या असलेल्या बाईला "वेळेवर खाऊ द्या" सांगणं सोपं आहे. दिवसभरात बाकी काही जमलं नाही तरी रात्री झोपताना एकदा पेस्टने दात घासणं एवढं एक धरून ठेवा.

लाळेतली प्रतिकारशक्ती तपासून कळेल का? किडीवर लस नाही का?

आयजीए मोजता येतं, पण त्यावरून दात किडेल की नाही हे सांगता येत नाही. काही अभ्यासांत किडके दात असलेल्या मुलांत ते कमी दिसलं, काहींत उलट जास्त. जास्त असण्याचं एक कारण असं की जंतू वाढले की शरीर प्रतिपिंडंही वाढवतं. म्हणजे तो आकडा बचावाचा असेल किंवा झालेल्या लढाईचा, सांगणं कठीण. अशा तपासणीवर खर्च करू नका.

लसीचे प्रयत्न जुने आहेत. इंग्लंडमध्ये बोवेन यांनी माकडांवरचा पहिला प्रयोग १९६९ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून जंतूचं चिकटणारं प्रथिन, चिकट थर बनवणारं विकर अशा अनेक गोष्टींवर काम झालं. पण ज्या आजाराने सहसा जीव जात नाही त्यासाठी लस अतिशय सुरक्षित लागते, आणि लाळेत प्रतिपिंडं दीर्घकाळ टिकवणंही अवघड असतं. माणसांसाठी मंजूर झालेली लस अजून नाही.

मूल अशक्त आहे, वजन कमी आहे. त्याचा दातांशी संबंध आहे का?

दोन्ही बाजूंनी आहे. दुधाच्या दातांचं आवरण गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत घडतं. त्या काळात आईला किंवा बाळाला प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडलं तर आवरण खडबडीत आणि कच्चं राहतं. कुपोषणात लाळ कमी होते आणि तिच्यातली प्रतिपिंडंही घटतात. ड जीवनसत्त्व जंतुनाशक प्रथिनं तयार व्हायलाही लागतं. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण दिवसभर घरात राहणाऱ्या बाईला आणि बाळाला ते मिळतंच असं नाही.

उलट बाजूने, दात दुखणारं मूल नीट चावत नाही, नीट झोपत नाही, वजन धरत नाही. पू झालेल्या दाताशी शरीर महिनोन्‌महिने लढत राहतं. खूप किडलेले दात आणि अंगातलं लोह कमी असणं हे मुलांत पुष्कळदा एकत्र सापडतं. अंगणवाडीत वजन वाढत नाही म्हणून नोंद झालेल्या मुलाचं तोंड उघडून पाहायलाच हवं.

दमा, हृदयाचा दोष, कर्करोग, मूत्रपिंडाचा आजार असेल तर?

अशा मुलांना सगळ्यात जास्त जपायला हवं. दम्याच्या पंपाने तोंड कोरडं पडतं आणि स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात बुरशी वाढू शकते, म्हणून पंपानंतर प्रत्येक वेळी चूळ भरायला लावा. वरचेवर द्यावी लागणारी सिरपं गोड असतात, त्यांच्यानंतरही चूळ. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्याआधी दात तपासून घ्या, कारण तेव्हा एका किडक्या दाताचा संसर्ग अंगभर पसरू शकतो. हृदयात जन्मजात दोष असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्याला आवर्जून सांगा. काही मुलांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

लोहाचं औषध सुरू केल्यापासून दात काळे पडले. ही कीडच ना?

बहुधा नाही. तो वरवरचा डाग असतो, खड्डा नसतो, आणि साफ करता येतो. औषध बंद करू नका.

पेस्ट कोणती आणि किती? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

पहिला दात आला की पेस्ट सुरू करा. सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची असावी, ट्यूबवर आकडा लिहिलेला असतो. मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, म्हणून वाचून घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, मोठ्या माणसाने घासून द्यायची. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नीट जमत नाही.

बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किती हे जागेप्रमाणे बदलतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चांगलं मानतात, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त असेल तर लहान मुलांच्या कायमच्या दातांवर डाग येतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं.

दुधाचे दात पडणारच आहेत. उपचार कशाला?

मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. चार वर्षांच्या मुलाने पुढची सहा-सात वर्षं दुखणं सोसायचं का? मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताचं आवरणही बिघडू शकतं. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि पुढे दात वेडेवाकडे येतात.

लेकरू खुर्चीत बसतच नाही. ड्रिल न करता काही होतं का?

होतं. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध किडीवर नुसतं लावतात. ते जंतू मारतं आणि बहुतेक वेळा कीड तिथेच थांबवतं, पण किडलेली जागा कायमची काळी पडते, हे आधी समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. कीड नुकती सुरू होत असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निशचा लेप लावतात, त्याला मिनिटभर पुरतं.

दातातून किडे काढून दाखवणाऱ्यांकडे मात्र नेऊ नका. दातात अळ्या नसतात, ती शुद्ध फसवणूक आहे.

कुठे आणि कधी दाखवायचं?

पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा, दुखत नसलं तरी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या तपासणीत दातही पाहतात, म्हणून त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शहरात सिव्हिलमध्ये म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दंतविभाग आहे. तालुक्यात असाल तर पंढरपूरसारख्या उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते विचारून जा.

नुसत्या दुखण्यावर दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका. त्याने कीड थांबत नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन दुसऱ्या दिवशी दाखवा.

गालाची सूज डोळ्यापर्यंत किंवा जबड्याखाली मानेकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.